ओढीच्या बाहेर

"पुन्हा नाही पेटला," म्हणत कमलेशनं माऊस आपटला.

त्याची धाकटी बहीण चंदा चहा घेऊन आली होती. जव्हारच्या पेठेत त्याचा एसटीडी बूथ, मागच्या अंगाला घर. गिऱ्हाईक नसलं की तो कोपऱ्यातल्या जुन्या कॉम्प्युटरवर गेममधलं यान उडवत बसे. काय पेटत नाही, असं तिनं सहज विचारलं.

"बीकन. तो पेटला की यान क्षणात तळावर पोचतं. पण ग्रहाजवळ पेटतच नाही. ग्रहाची ओढ सोडत नाही."

"मग?"

"गुपचूप लांब जायचं. ओढीच्या बाहेर गेलं की पेटवायचा."

चंदानं मान हलवली आणि कपबशी उचलली. हिला यातलं काय कळणार, असं त्याला वाटलं.

त्याचा स्वतःचा जीव मात्र गुदमरत होता. नाशकात नोकरी ठरलेली, घरात आई अंथरुणाला खिळलेली. बरं, स्टँडवर जीप भरल्याशिवाय हलत नाही आणि भरेपर्यंत अख्खं गाव 'कुठं निघालास?' विचारून जातं. मागच्या खेपेला शेजारच्या धोंडीबाईनं त्याला बघितलं आणि घरी जाऊन सांगितलं. आईनं असा हंबरडा फोडला, की गडी पिशवी घेऊन निमूट परत आला.

आता तो शहाणा झाला होता. मोखाड्याला प्रिंटर दुरुस्तीला जातो म्हणायचं, तिथून नाशिकची एसटी धरायची आणि पोचल्यावरच फोन करायचा. आईचं करायला चंदा होतीच. ती कुठं जाते?

तो निघायच्या आदल्या दिवशी चंदानं मोखाड्याला मैत्रिणीच्या हळदीला जाऊ का म्हणून विचारलं. आजच्यापुरतं आईजवळ थांबशील का, म्हणाली. त्याला तिची फार दया आली. यापुढं बिचारीला कुठलं लग्नकार्य! त्यानंच तिला जीपमध्ये बसवलं. धोंडीबाई आलीच विचारायला; तिलाही त्यानंच कौतुकानं सांगितलं. चंदाची पिशवी बरीच जड होती. नटायचं सामान असेल, म्हणून तो हसला.

संध्याकाळी मागून आई चंदाला हाका मारत होती, तेवढ्यात बूथवरचा फोन वाजला.

"दादा, नाशकात पोचले. नर्सिंगला नंबर लागलाय माझा. तिथून सांगितलं असतं तर सुटले नसते. आईला भात मऊ लागतो, जरा जास्त शिजव."