उरलेल्या गोळ्या

"याआधी पोराला कसल्या गोळ्या दिल्या होत्या?" डॉक्टरांनी दुसऱ्यांदा विचारलं.

मल्लम्मा पदर तोंडाशी धरून गप्प उभी होती. सहा वर्षांचा रेवण कॉटवर मलूल पडला होता. जुलाब थांबेनात, पोट फुगलेलं, आता तर रक्तही पडू लागलेलं. निरोप मिळताच रामलिंग निलंग्याहून मिळेल ती एसटी पकडून लातुरात येऊन धडकला होता. पोराच्या काळजीनं त्याचा जीव टांगणीला लागला होता; पण काळजी वाटली की रामलिंगला राग येत असे, हीच तर अडचण होती.

त्याला मुळात हे बिऱ्हाडच नको होतं. थोरल्या दीपमालाला डॉक्टर व्हायचं, म्हणून क्लासजवळ खोली करायची, आईनं धाकट्याला घेऊन तिथं राहायचं आणि बापानं गावाकडं हातानं भाकरी थापायच्या! "पोरांना काई झालं, तर त्याच दिवशी बिऱ्हाड गावाकडं. क्लासबिस काई न्हाई," असं त्यानं बजावून ठेवलं होतं. रामलिंग एकदा बोलला की बोलला, हे घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं.

"सांग की! तोंड शिवलंय का?" तो बायकोवर खेकसला. मल्लम्माची मान आणखी खाली गेली.

"आधी काही दिलं नसेल, तर नेहमीचं अँटिबायोटिक चालू करतो," म्हणत डॉक्टरांनी पेन उचललं.

"मी दिल्या, डॉक्टरसाब."

दाराशी उभी असलेली जन्नतबी पुढं आली. ती शेजारच्या खोलीतली; तिचा फरहानही दीपमालाच्याच क्लासला. तिनं गोळ्यांचं नाव सांगितलं. फरहानचा घसा धरला होता तेव्हा आणलेल्या, त्यातल्या उरलेल्या. खोल्या करून राहणाऱ्या आयांची तिथली रीतच तशी होती. उरलेली गोळी फेकायची नाही, जिन्यातल्या डब्यात टाकायची. कुणाचं पोर शिंकलं की त्यातली काढून द्यायची. आजार परवडेल, पण क्लास बुडता कामा नये! रेवणची सर्दी दीपमालाला लागू नये, म्हणून त्याच्याही पोटात त्याच गेल्या होत्या.

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "बरं झालं बोललात. सर्दीला यांची गरजच नव्हती. अशा औषधानं पोटातले चांगले जंतू मरतात आणि कधी कधी एखादा वाईट जंतू तिथं ठाण मांडतो. वरून आणखी तसलंच दिलं असतं, तर प्रकरण हाताबाहेर गेलं असतं. आता तपासणी वेगळी आणि औषधही वेगळं."

रामलिंगच्या कानात त्यातलं 'मी दिल्या' एवढंच शिरलं. भर दवाखान्यात त्यानं जन्नतबीला नाही नाही ते सुनावलं. ती ऐकून घेत राहिली. संध्याकाळी तिच्याच घरून रेवणसाठी तांदळाची पेज आली. रामलिंगनं डब्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

डॉक्टरांचा अंदाज खरा ठरला. औषध लागू पडलं. एका सकाळी रेवणनं उठून बसत भाकरी मागितली आणि रामलिंगसारखा गडी भिंतीकडं तोंड करून रडला. दोष शेजारणीचा ठरल्यानं दीपमालाचा क्लासही त्यानं मोडला नाही.

"ऱ्हावा लातुरातच," तो बायकोला म्हणाला, "पण त्या बाईच्या शेजारी न्हाई. दुसरी खोली बघतो."

मल्लम्मानं त्याची वाट अडवली.

"गोळ्या म्या दिल्या हुत्या, धनी. डब्यातनं म्याच काढल्या, त्यांनी बघितलं हुतं. तुमचं तोंड बघून माझी जीभ उचलंना. लेकरू चाललंय दिसत हुतं, तरी उचलंना."

रागवायचं कुणावर, हा प्रश्न रामलिंगला जन्मात पहिल्यांदा पडला. मग तो शेजारच्या दारात जाऊन उभा राहिला. जन्नतबी तुरीची डाळ निवडत होती. त्यानं हात जोडले.

"भाभी, माझं लेकरू तुमच्यामुळं हाय. लई उपकार झाले तुमचे. पण म्या येवढं बोललो, तरी तुमी खरं का न्हाई सांगितलं?"

जन्नतबीनं सूप बाजूला सारलं.

"डॉक्टरला गोळीचं नाव पायजे होतं, भाऊ. देणाऱ्याचं न्हाई."