बकुळीबद्दल हरकत

पालिकेच्या बागेतल्या बकुळीवर नोटीस डकवलेली पाहिली आणि मी चक्क हसले. जॉगिंग ट्रॅक रुंद करायला झाड तोडणार. कोणाची हरकत असल्यास सात दिवसांत लेखी कळवावी. मला कसली हरकत!

ती बकुळ ह्यांच्या पहिल्या बायकोनं, कुमुदनं, जायच्या आधी लावलेली. आमच्या लग्नाला अकरा वर्षं झाली, तरी हे रोज सकाळी चहाआधी तिला पाणी घालून येतात. माझ्या तुळशीला कधी तांब्याभर घातलं नाही.

सध्या ह्यांचा पाय प्लास्टरमध्ये. "बकुळीला पाणी घातलंस ना गं?" रोज पलंगावरून विचारायचे.

"घातलं हो." नोटिशीचं मात्र अवाक्षर काढलं नाही. बघता बघता सहा दिवस ढकलले.

सहाव्या संध्याकाळी ह्यांना बघायला नणंद आली. इकडेतिकडे पाहत म्हणाली, "दादा, कुमुदवहिनीचा एक फोटोसुद्धा नाही रे घरात."

"कशाला? बागेत बकुळ आहे की."

मी टीव्हीवरच्या रिकाम्या भिंतीकडे पाहिलं. मग आमच्या पलंगासमोरच्या.

दुसऱ्या दिवशी वॉर्ड ऑफिस उघडायच्या आधी मी अर्ज घेऊन दारात हजर. क्लार्कनं तो वरपासून खालपर्यंत वाचला.

"मावशी, हरकत आहे म्हणता, पण कारण लिहिलंच नाहीत. हे झाड तुमचं कोण लागतं?"

"सवत," मी म्हणाले. "तिथेच असू दे तिला. घरात नको."