असो आणि हाय

पेडगावच्या चर्चमध्ये फादर याकोब मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, गावच्या बोलीत करायचे. ‘प्रभू तुमच्याबरोबर असो’ हे छापील वाक्य त्यांच्या तोंडी ‘प्रभू तुमच्यासंगं हाय’ असं यायचं. बिशपांनी त्यांना मिस्सा करायला बंदी घातली आणि रविवारी ती करायला स्वतःच येऊन उभे राहिले.

“छापलंय तेवढं म्हणा, याकोब. आत्ता परवानगी देतो.”

“आमच्याकडं ‘असो’ म्हणून विषय मिटवतात, बिशपसाहेब. मला देव मिटवायचा नाही,” असं म्हणून फादर शेवटच्या बाकावर जाऊन बसले.

वेदीवरून बिशप म्हणाले, “प्रभू तुमच्याबरोबर असो.”

लोकांकडून नेहमीचं उत्तर आलं नाही. पुढच्या बाकावरची म्हातारी दिनाबाई पदर सावरत उठली.

“असो काय, सायेब? हाय.”

मागोमाग अख्खं चर्च म्हणालं, “हाय.”