गाठ मारेपर्यंत

समीक्षाचं लक्ष अभ्यासात टिकत नव्हतं. शाळेतल्या मॅडम सांगून थकल्या, तेव्हा बाळापूरच्या बाजारात हार विकणाऱ्या तिच्या आईनंच उपाय काढला. ती झेंडूची टोपली घेऊन लेकीसमोर बसायची. "हाराले गाठ मारेपर्यंत उठाचं नाई." आई ओवायची, लेक वाचायची. परीक्षा जवळ आली की हार लांबायचे. दिवाळीनंतर आई तापानं गेली. तेव्हापासून समीक्षा पुस्तक उघडून समोरच्या रिकाम्या जागेकडे बघत राहायची. आज तिथं बाप टोपली घेऊन बसला. "वाच बाई. मी ओवून राहिलो." मळ्यात फुलं तोडणाऱ्या त्याच्या बोटांना सुई धरता येईना, निम्मी फुलं फाटली. समीक्षा मात्र वाचत गेली. टोपली रिकामी झाल्यावर त्यानं दोऱ्याची टोकं जुळवली. तिनं त्याचा हात धरला. "बाबा, गाठ नोका मारू." "कावून?" "मंग तो आईच्या फोटोले लावा लागन."