एकट्याची सफर

"कॅमेरा लावतोय. तुम्ही जरा खाली जा ना," टॉर्बेन म्हणाला आणि बिबियाना बटाट्यांचं पातेलं उचलून केबिनमध्ये उतरली. सकाळपासूनची ही पाचवी खेप होती.

टॉर्बेन कोपनहेगनचा. शिडाच्या छोट्या बोटीतून ग्रीनलंडचा किनारा आपण एकट्याने पालथा घालतोय, असं तो रोज कॅमेऱ्याला सांगायचा. मग बिबियाना बोटीवर कशी? तर ती इथलीच, बर्फातली वाट तिला कळायची आणि त्याला कळत नव्हती. ती केबिनच्या खिडकीतून बघत खालून ओरडायची, डावीकडे घे. तो सुकाणू डावीकडे वळवायचा आणि कॅमेऱ्याला सांगायचा, की इथं माणसाला फक्त स्वतःचाच आधार असतो. हे बोलताना त्याचे डोळे अगदी खरोखर भरून यायचे.

बिबियानाला कॅमेऱ्याची हौस नव्हती. तिला उम्मानाक गावी पोहोचायचं होतं. लेक तिथं बाळंत व्हायची होती आणि धुक्यापायी हेलिकॉप्टर चार दिवस बंद होतं. नवरा पावियारक हिवाळ्यात समुद्रावर एकटाच गेला आणि बुडाला. येणाऱ्या बाळाला त्याचं नाव दिलं, की तोच घरी परत आला. तिच्या लोकांत हे असंच असतं. पण नाव सांगायला ती वेळेवर हजर हवी. नाहीतर विहीणबाई आपल्या मेलेल्या भावाचं नाव घेऊन टपलेल्याच होत्या.

दुपारी रेडिओवर निरोप आला, लेकीला कळा सुरू झाल्यात. नेमका त्याच वेळी टॉर्बेनला एक निळाशार हिमनग दिसला. त्याने शिडं उतरवली. असा हिमनग पुन्हा मिळायचा नाही, तेव्हा उद्यापर्यंत मुक्काम इथंच, असं त्याने जाहीर करून टाकलं.

तो कॅमेऱ्यासमोर बसला आणि एकवीस दिवसांत आपल्याला माणसाचं तोंड दिसलेलं नाही, अशी सुरुवात केली. बिबियाना वर आली, त्याच्या शेजारी टेकली आणि बटाटे सोलू लागली. त्याने कॅमेरा उचलून बोटीच्या पुढच्या टोकाला नेला. ती पातेलं घेऊन तिकडे गेली. तिसऱ्या खेपेला तर तिने कॅमेऱ्याकडे बघून हातही हलवला.

"सगळं बिघडवताय तुम्ही माझं," तो रडकुंडीला येऊन म्हणाला.

"तुला एकटं राहायचंय ना? मग आधी मला पोहोचव."

शिडं भराभर वर चढली.

बिबियाना दवाखान्यात शिरली तेव्हा बाळ तासाभराचं होतं. विहीणबाई तोंड उघडणार, तेवढ्यात तिने त्याला उचललं आणि मोठ्याने नाव सांगितलं, पावियारक. टॉर्बेनही मागून आला. धक्क्यावर एकट्याने उतरतानाचं चित्रण उरकून आला होता.

बिबियानाने बाळाच्या गालाला नाक लावलं.

"आलात? बरं झालं," ती बाळाला म्हणाली. "आता तरी माझं ऐका, अहो. पुन्हा समुद्रावर एकटं जायचं नाही."