थोरल्याचा मान

हिंदुरावाच्या ताठ्याला काय म्हणावं! अंगणात ह्यांचं मयत ठेवलंय आणि हा धाकट्या शिष्याला मागं रेटतोय. वस्तादाच्या छातीवर आखाड्यातली पहिली मूठभर माती थोरल्या शिष्यानं टाकायची, असा आमचा रिवाज.

दसऱ्याला ह्यांनी आपला दांडपट्टा धाकट्याला दिला, तेव्हापासून थोरला रुसलेला. पुढं अर्धांगवायूनं ह्यांची वाचा गेली. तसं सांगून मी तीनदा माणूस धाडला. हिंदुरावाचं एकच, "वस्तादांनी स्वतः बोलवावं, मग येतो." हे शेवटपर्यंत दाराकडं बघत होते.

आता तो माती घेऊन वाकला. मी त्याचं मनगट धरलं.

"टाक, मान तुझाच आहे. पण वाचा गेलेल्या माणसाकडून तू आवतण मागितलंस, हिंदुराव. माती टाक आणि चालता हो. आजपासून आम्हाला तूही मेलास."