दारातली गादी

मुतासाची गादी सकाळी पुन्हा दारातच होती.

"खिडकीखाली टाक की," व्हिटलॉक म्हणाला. "तिथे निदान वारा तरी येतो."

"मला इथेच झोप लागते," मुतासा म्हणाला आणि गादी गुंडाळू लागला.

झोप लागते म्हणे! डोळे तर लाल झाले होते. काल एका घरी धर्मग्रंथ वाचताना तो वाक्याच्या मध्येच पेंगला होता. उरलेलं वाक्य व्हिटलॉकने कसंबसं पुरं केलं होतं.

दोघेही मॉर्मन धर्मप्रसारक, दोघेही विशीचे. मुतासा झिम्बाब्वेचा. व्हिटलॉक अमेरिकेतला, आयडाहोचा. अंधार असताना उठून बटाट्याच्या शेताला पाणी द्यायचं काम लहानपणापासून त्याच्याकडे असे. घानाच्या किनाऱ्यावरच्या या गावात ते महिनाभर एका खोलीत राहत होते. नियम साधा होता. जोडीने राहायचं. सोबत्याला एकटं सोडायचं नाही, दिवसा नाही आणि रात्रीही नाही.

मुतासा तो नियम मोडत होता, याबद्दल व्हिटलॉकला आता फारशी शंका उरली नव्हती.

दोरीवर मुतासाचा टॉवेल टाकलेला होता. त्यावर लाल चिखलाचे ओले डाग होते. सकाळपासून दोघांपैकी कुणी घराबाहेर पाऊल टाकलं नव्हतं.

व्हिटलॉक चपला शोधू लागला. रात्री खाटेखाली काढलेल्या चपला आता दारापाशी होत्या. म्हणजे हा आपल्या चपला घालून जातो? त्याने त्या उलट्या करून पाहिल्या. तळ कोरडे, स्वच्छ. हे काही त्याला उलगडेना. चपला पायात सरकवताना टाच ठणकली. सोमवारी पोरांबरोबर फुटबॉल खेळताना काहीतरी रुतलं असावं.

बाहेर नळापाशी बायकांचा आरडाओरडा चालला होता. टाकीत रोज पाणी येत नसे, आणि आलेलं पाणी कुणीतरी रात्री नळ सोडून वाया घालवत होतं.

"सापडू दे मेला," एक जण म्हणाली. "याच चिखलात लोळवते त्याला."

नळासमोर अराबा मावशीचं केंके विकायचं दुकान होतं. पहाटेपासून ती मक्याच्या पिठाचे गोळे उकडत बसे.

"आले बघा वडीलधारे!" ती म्हणाली. छातीवरच्या पाटीवर नावाआधी 'एल्डर' लिहिलेलं, याचं तिला भारी हसू येई. "मिसरूड फुटलं नाही धड, आणि म्हणे वडीलधारे."

"मावशी, नळ कोण सोडतं, काही कळलं?" व्हिटलॉकने विचारलं.

मावशीने मुतासाकडे पाहिलं. मुतासाने मान खाली घातली.

"भूतबित असेल," ती म्हणाली. "तू खा मुकाट्याने."

मुतासाने न सांगताच तिच्या रिकाम्या बादल्या उचलल्या आणि तो उताराखालच्या विहिरीकडे निघाला. हे रोजचंच झालं होतं. नियमाप्रमाणे व्हिटलॉक मागोमाग गेला.

"हिचंच पाणी का भरतोस रे?"

"म्हातारी आहे."

"म्हाताऱ्या गावात पुष्कळ आहेत."

मुतासाने बादली विहिरीत सोडली.

तिने याला पाहिलंय, व्हिटलॉकच्या मनात आलं. पाणी भरून हा तिचं तोंड बंद ठेवतोय.

त्याला भीती वेगळीच होती. गावाने मुतासाला पकडलं, तर दोघांवरही ठपका येणार. दोघांचीही घरी रवानगी होणार. आईला त्याने शेवटच्या आजारपणात शब्द दिला होता की दोन वर्षं पुरी करूनच परत येईन. "मधेच परत पाठवलं तर तिच्या कबरीपाशी कुठल्या तोंडाने जाऊ?" असं तो मुतासाला पहिल्याच आठवड्यात म्हणाला होता. मुतासाने तेव्हा त्याच्या खांद्यावर हात ठेवला होता. आणि आता हे असं वागणं!

एक बरं होतं, की व्हिटलॉकला झोप गाढ लागे. मलेरियाच्या गोळीने स्वप्नं फार पडत, पण ती चांगली असत. तो घरच्या शेतात असे आणि आई बांधावर उभी राहून हसत असे.

शेवटी त्याने मुतासाला समोर बसवलं.

"मी मिशनच्या अध्यक्षांना फोन करणार आहे. तू रात्री बाहेर जातोस."

मुतासाने मान डोलावली. "जातो," तो म्हणाला.

"कशाला?"

"ते विचारू नकोस."

"सोबत्याला सोडून जायचं नाही, हा नियम आहे."

"मी तुला कधी सोडलेलं नाही."

किती सहज खोटं बोलतोय! व्हिटलॉकला चीड आली. "नळही तूच सोडतोस ना? तुला परत पाठवतील, मुतासा."

"मला पाठवू देत," मुतासा म्हणाला.

व्हिटलॉकने फोन केला.

शनिवारी गाडी आली. मुतासाने आपली बॅग मागे ठेवली. ड्रायव्हर दार उघडून थांबला होता.

"एक ऐक," मुतासा म्हणाला. "नवा सोबती येईल, त्याला दारात झोपू दे."

"का?"

"वारा येतो."

व्हिटलॉकला हसू आलं नाही. तेवढ्यात अराबा मावशी धापा टाकत आली. तिच्या हातात मक्याच्या पाल्यात बांधलेले केंके होते. ते तिने मुतासाच्या ओंजळीत कोंबले आणि अंगावरच्या कापडाच्या टोकाने डोळे पुसले.

"रडता कशाला, मावशी?" व्हिटलॉक म्हणाला. "तुमच्या नळाचा चोर चाललाय. आता निर्धास्त झोपा."

मावशी थबकली. तिने मुतासाकडे पाहिलं. "तू अजून सांगितलं नाहीस याला?"

"मावशी, नको," मुतासा म्हणाला.

"तू गप्प बस." ती व्हिटलॉककडे वळली. तिचा आवाज खाली आला. "मी चूल पेटवते ना पोरा, तेव्हा तुम्ही दोघंही नळावर येता. पुढे तू असतोस, अनवाणी, झोपेत. हा मागून तुझ्या चपला हातात घेऊन येतो."